लोभ असावा

मंडळी, दोन महिन्यांपूर्वीच्या लेखातलं एक वाक्य आज मागे घ्यायचं आहे. वेल्श भाषेत माणसं आपल्या लाडक्या माणसाला ‘करिआद’ म्हणतात आणि ही आपली करुणाच आहे, असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. तसं काही नाही. तुमच्यापैकी कुणी ही चूक पकडली नाही, उलट तिघांनी शाबासकीचे निरोप पाठवले. म्हणून जास्तच अवघडल्यासारखं झालं.

घडलं होतं ते असं. आमच्या प्रोजेक्टचं क्लायंटचं ऑफिस कार्डिफला आहे. तिथल्या टीममधल्या एक बाई एकदा कॉल चालू असताना माइक बंद करायला विसरल्या. मागे त्यांची लेक रडत होती आणि त्या तिला पुन्हा पुन्हा ‘करिआद, करिआद’ म्हणत होत्या. कॉल संपल्यावर मी अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, ‘प्रेम. आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्यालाही तेच म्हणायचं.’ मी लगेच संस्कृतची फुशारकी मारून घेतली. त्यांनी ‘असं का’ म्हणून विषय बदलला. पुढे एकदा जेवणाच्या सुट्टीत बसून नीट वाचलं, तेव्हा कळलं की त्यांनी माझी लाज राखली होती.

माझी चूक कुठे झाली? ‘क’ आणि ‘र’ दोन्हीकडे ऐकू आले आणि मी नातं जुळवून मोकळा झालो. तसं तर इंग्रजीतलं ‘केअर’ही करिआदला किती जवळचं वाटतं! पण त्यांचंही नातं नाही. ‘केअर’ मुळात दुःखाचा, चिंतेचा शब्द आहे आणि त्याचं घराणं वेगळं. व्युत्पत्तीत सारखं ऐकू येणं हा पुरावा धरत नाहीत. बदल नियमानं झालेला दिसतो का, ते बघतात.

हे मला माझ्या धंद्याच्या भाषेत लवकर समजलं. समजा एका फाइलच्या चार प्रती चार मशीनवर आहेत आणि मूळ फाइल कुणीतरी डिलीट केली आहे. चारही प्रतींत बदल झालेत, पण प्रत्येक मशीननं आपापल्या सवयीनं केलेत. एक मशीन दर वेळी तारीख उलटी लिहितं, दुसरं दर वेळी स्वल्पविराम खातं. या सवयी कळल्या की मूळ फाइलमध्ये काय असणार, हे बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं. भाषाशास्त्रज्ञ हेच करतात. असा उभा केलेला शब्द ते लिहितात तेव्हा आधी एक तारा काढतात. शब्द असा असला पाहिजे, पण लिहिलेला कुठे सापडलेला नाही, हा त्या ताऱ्याचा अर्थ. मला हा तारा फार आवडला. आमच्या रिलीज नोट्समध्येही असा एक असायला हवा.

नियमानं बदल म्हणजे काय, हे बघायला आपल्याला कार्डिफला जायची गरज नाही. आपण राहतो तिथेच उदाहरण आहे. तमिळमध्ये दूध म्हणजे पाल, कन्नडात हालु. वाघ तिकडे पुलि, इकडे हुलि. दहा तिकडे पत्तु, इकडे हत्तु. दहाव्या शतकात पंपकवी लिहीत होता तेव्हा कन्नडातही ‘प’च होता, पुढच्या काही शतकांत शब्दाच्या सुरुवातीच्या प चा ह झाला. फूल हे ‘पू’चं ‘हू’ झालं आणि गाव ‘पळ्ळी’चं ‘हळ्ळी’. हुबळी म्हणजे हूविन बळ्ळी, फुलांची वेल, असं आपल्याला शाळेत सांगत. गावाचं जुनं नाव पुर्बळ्ळी असल्याचंही सांगतात. बसच्या पाटीवर रोज वाचतो त्या नावात हा सगळा इतिहास बसला आहे आणि आपण तिकीट काढून खिडकीची जागा शोधतो.

केल्टिक भाषांनी, म्हणजे वेल्श, आयरिश, ब्रेटन आणि फ्रान्समधली मेलेली गॉलिश यांच्या पूर्वज भाषेनं, ‘प’ला याहून वाईट वागवलं. तो टाकूनच दिला. आपला पितृ, लॅटिनमधला पातेर, आणि आयरिशमध्ये नुसता ‘अहिर’. लॅटिन मासा पिस्किस, आयरिश मासा ‘ईअस्क’. एकदा ही खोड कळली की हरवलेले प जागच्या जागी परत बसवता येतात.

आता करिआद. वेल्शमध्ये करिआद, ब्रेटनमध्ये प्रेम करणं म्हणजे कारूत, जुन्या आयरिशमध्ये ‘तो प्रेम करतो’ याला कॅरिद. गॉलिश लोकांच्या नावांतही हा तुकडा सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन सैन्याशी लढलेला ब्रिटनमधला सरदार काराताकुस आपल्या नावात हाच शब्द घेऊन फिरत होता. त्याच्या नावाचा अर्थ जवळपास आपल्या ‘प्रेमानंद’च्या वळणाचा आहे, फक्त त्याच्या हातात तलवार होती. या सगळ्यांवरून मूळ केल्टिक धातू उभा केला आहे तो तारा-‘कर’. त्याच्याही मागे गेलं की आणखी जुना धातू लागतो, त्याचा अर्थ हवंसं वाटणं, ओढ असणं. लॅटिनमधला कारुस, म्हणजे प्रिय, महाग, तिथलाच. फ्रेंच लोक पत्राच्या सुरुवातीला जे ‘शेर’ लिहितात तेही त्याचंच. आणि संस्कृतात त्या घरातून आलेला शब्द कोणता? करुणा नव्हे. काम.

हो, षड्रिपूंमधला पहिला. (इंग्रजीत याच घराण्यातला एक शब्द अशा वस्तीत राहायला गेला की त्याचं नाव घरच्या अंकात लिहिता येत नाही. जिज्ञासूंनी शोधावा, मुलांसमोर नको.)

मग आपलं प्रेम कुठे गेलं? प्रेम, प्रीती, प्रिय यांच्या मूळ धातूचा अर्थच आवडणं. इंग्रजीकडे जाताना प चा फ होतो, पितृचा फादर आणि पादचा फूट होतो तसाच. त्या नियमानं ‘प्रि’चा ‘फ्रि’ झाला आणि त्यातून निघाला फ्रेंड. फ्रेंड म्हणजे मुळात ‘प्रेम करणारा’. गंमत अशी की आयरिशमध्ये मित्र म्हणजे ‘कारा’, तोही त्यांच्या ‘कर’ धातूपासून अगदी तसाच बनलेला, ‘प्रेम करणारा’. दोन भाषांनी वेगवेगळ्या धातूंवर एकच साचा चालवला.

याच ‘प्रि’चा दुसरा मुलगा म्हणजे इंग्रजी ‘फ्री’, मोकळा. प्रिय आणि मोकळा यांचा काय संबंध, असं मलाही वाटलं. पण जुन्या काळी घरात दोन प्रकारची माणसं असत. एक आपली, जिवाभावाची आणि दुसरी गुलाम. जी आपली ती मोकळी. वेल्शनंही हाच शब्द त्याच अर्थानं ठेवला आणि सवयीप्रमाणे प टाकून दिला. ‘रीद’, म्हणजे स्वतंत्र. म्हणजे हिशेब असा झाला: आपल्या ‘काम’च्या घराण्यात त्यांचं प्रेम आणि आपल्या ‘प्रेमा’च्या घराण्यात त्यांचं स्वातंत्र्य.

हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हणजे सगळं संस्कृतातूनच गेलं ना शेवटी?’ नाही बाबा. 1786 च्या 2 फेब्रुवारीला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सनं भाषण केलं, त्यात त्यानं संस्कृतची तोंडभरून स्तुती केली. पण संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका उगमाच्या बहिणी आहेत आणि तो उगम बहुधा आता उरलेला नाही, असंच त्याचं म्हणणं होतं. केल्टिकही त्यातलीच असावी, हेही त्यानं तिथेच सुचवलं. म्हणजे संस्कृत मावशी आहे. आई नाही. बाबांना हे पटलं नाही. त्यांनी पेपर वर धरला.

केल्टिकचं नातं पक्कं व्हायला पुढे आणखी अर्धं शतक लागलं. 1853 मध्ये झॉयस नावाच्या जर्मन पंडितानं केल्टिक भाषांचं मोठं व्याकरण लॅटिनमध्ये छापलं, त्याचा पुष्कळसा आधार काय होता, तर आयरिश भिक्षूंनी लॅटिन पोथ्यांच्या समासांत आणि ओळींच्या मधे बारीक अक्षरांत खरडलेले अर्थ. जुनी आयरिश भाषा मुख्य मजकुरात नव्हती, कडेला होती. फ्रान्समध्ये चरख्याच्या काळाआधीच्या टकळीच्या चात्या सापडल्या आहेत, रोमन अमदानीतल्या. त्यांतल्या काहींवर गॉलिश-लॅटिन मिसळलेल्या भाषेत तरुण मुलींना उद्देशून लाडीगोडीची वाक्यं कोरली आहेत. कुणीतरी कुणालातरी दिलेली भेट. अशा कोपऱ्याकापऱ्यातून सगळं हाती लागलं आहे.

कोपरा म्हणाल तर आमच्याही घरात एक निघाला. आणि खरं सांगायचं तर हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

इंग्रजीतला ‘लव्ह’ राहिला होता. प्रेमाचा त्यांचा मुख्य शब्द, तो आपल्याकडे कोण? जर्मनमध्ये ‘लीबे’. आपल्या भ च्या जागी तिकडे ब असतो, भ्रातृचा ब्रदर होतो तसा, आणि इंग्रजीत असा मधला ब पुढे व होतो. म्हणजे ल, मधे काहीतरी स्वर, आणि भ. संस्कृत धातू लुभ्. शब्द लोभ.

मी खुर्चीतून उठलो. षड्रिपूंतला पहिला केल्ट लोकांनी प्रेमाला लावला आणि तिसरा इंग्रजांनी! सहा शत्रूंपैकी दोन तिकडे घरोघरी लाडानं नांदताहेत आणि आपल्याकडे कीर्तनकार त्यांना रोज झोडपतो आहे. पण लगेच दुसरी गोष्ट आठवली. आपणही लोभाला नेहमीच झोडपत नाही. पत्राच्या शेवटी काय लिहितो आपण? कळावे, लोभ असावा, ही विनंती.

पेशवाईच्या काळातल्या कागदांतही बहुत काय लिहिणे म्हणून झालं की लोभ मागितलेला दिसतो. संस्कृतात लोभाचा अर्थ हावरेपणाकडे झुकला. मराठीनं तो अर्थ ठेवला आणि शेजारी ओढीचा, मायेचा अर्थही ठेवला, पत्राच्या तळाशी, शेवटच्या ओळीत. कन्नडात हे नाही, तिथे लोभी म्हणजे चिक्कू. पाचवीत असताना आमच्या घरी आलेलं एक कार्ड मी शेजारच्या मित्राला कन्नडात अर्थ सांगत वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, ‘तुमचे पाहुणे तुम्हाला हावरे व्हा म्हणून विनंती करतात?’ त्याच्या घरी प्रेमाला प्रीती होती, ओलवु होतं, अक्करे होतं. त्यातला ओलवु हा बेंद्र्यांच्या कवितेचा जिवाभावाचा शब्द, आणि बेंद्र्यांच्या घरी तर बोलणं मराठीत. आपल्या धारवाडात हे असंच चालतं. (‘माया’बद्दल आज लिहीत नाही. प्रेमाची माया, पैशाची माया, शिंपी शिवणीत ठेवतो ती माया, त्यावर पुढे कधीतरी वेगळं.)

तर कोपरा. मालमड्डीतल्या आमच्या जुन्या घराचा माळा यंदा साफ केला, तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पत्रं सापडली. एकतीस. सगळी मिरजेच्या आजोबांची, म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची. त्या घराशी आमचं जाणंयेणं नाही. का नाही, हे लहानपणी विचारलं की मोठी माणसं ‘वाटणी’ एवढा एकच शब्द बोलत आणि पान वाढायला घेत.

व्युत्पत्तीची सवय लागली होती म्हणून मी पत्रं तारखेनं लावली. पहिलं 1964 चं. ‘तीर्थरूप अण्णांस शि. सा. न. वि. वि.’ अशी सुरुवात, मधे पाऊस, भाव, पोरांची आजारपणं आणि शेवटी दर वेळी: लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती. अशी एकोणीस. 1972 च्या दिवाळीनंतर शेवट बदलतो. अकरा पत्रं, घरपट्टीची, भाडेकरूची, पावत्यांची, आणि खाली फक्त ‘कळावे.’ शेवटचं 1983 चं, साधं पोस्टकार्ड. पेन्शनचे कागद झाले, गुडघा दुखतो, यंदा आंबा कमी. कळावे, लोभ असावा.

आजीला दाखवलं. या माघात तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं आम्ही ठरवलं आहे. मी तिला अगदी रंगवून सांगितलं, की बघ आजी, दहा-अकरा वर्षं शब्द गायब आणि मग परत! तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, ‘अरे, ते लिहायची पद्धत होती रे. कार्डावर जागा उरली की लिहायचं.’

मी गप्प बसलो. माझी दुसरी करुणा झाली होती, असं वाटलं. शब्द दिसला की मी अर्थ चिकटवतो.

आजी मात्र डबा मांडीवर घेऊन बसली. अर्ध्या तासानं तिनं मला हाक मारली. मधल्या अकरा पत्रांतली चार-पाच तिनं वेगळी काढून पसरली होती. ‘हे बघ,’ म्हणाली, ‘जागा होती की.’ खरंच होती. ‘कळावे’च्या खाली प्रत्येक कागदावर तीन-तीन बोटं कोरी.

‘आणि हे शेवटचं?’ मी विचारलं.

‘याला तुझ्या आजोबांनी उत्तर लिहायला घेतलं होतं. कार्ड आणून ठेवलं होतं देव्हाऱ्यापाशी. कालवा काय झाला नि लिहायचं राहिलं. पुढच्या वर्षी भावजी गेले. कार्ड मग मीच वाण्याच्या हिशेबाला वापरलं.’ आणि थोड्या वेळानं, ‘मिरजेला बोलावणं करायचं का?’

घरात यावर दोन दिवस चर्चा झाली. बाबा म्हणाले, आता काय सांगायचं त्यांना, ओळख तरी उरली आहे का. आई म्हणाली, पत्रिका पाठवून द्या, यायचं तर येतील. आजी काहीच बोलली नाही, तिनं डबा मात्र परत माळ्यावर ठेवू दिला नाही. शेवटी काम माझ्याकडे आलं, कारण मिरजेच्या आजोबांच्या नातवाचा नंबर मला एका लांबच्या आत्याकडून मिळाला होता. तो माझ्याच वयाचा. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

मेसेज लिहायला मला संध्याकाळ लागली. रोज चाळीस ईमेल लिहिणारा माणूस मी, ‘रिगार्ड्स’ तर सेटिंगमध्येच बसवून ठेवलेलं. इथे सुरुवात काय करावी तेच कळेना. ‘हाय’ लिहिलं, खोडलं. शि. सा. न. लिहिण्याइतका तो मोठा नाही. शेवटी नुसतं नमस्कार लिहून मी कोण ते सांगितलं, आजीचा कार्यक्रम, तारीख, मालमड्डीचा पत्ता, राणी चन्नम्मा गाडीनं यायला सोपं पडतं वगैरे. डब्यातल्या पत्रांबद्दल दोन ओळी. आजोबांच्या राहिलेल्या उत्तराबद्दल लिहू की नको असं झालं, मग लिहिलं. आणि खाली: कळावे, लोभ असावा, ही विनंती. पाठवताना हात थोडा अडखळला. लग्नपत्रिकेच्या भाषेत बोलतोय कोण हा, असं त्याला वाटलं असतं तर नवल नव्हतं.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. रात्रभर नाही, सकाळच्या स्टँडअपपर्यंत नाही. आजी दोनदा दारापर्यंत येऊन ‘तुझं कामाचं चालू दे’ म्हणून परत गेली.

दुपारी आलं. त्यानं लिहिलं होतं की त्याचे बाबा आणि तो, दोघं येतात, बाबांना खालची बर्थ मिळाली की तिकीट कळवतो. त्यांच्याकडेही एक पिशवी आहे, आमच्या आजोबांच्या पत्रांची, येताना आणतो. त्यातलं शेवटचं 1972 चं आहे. त्याच्या आजीनं 83 च्या कार्डाबद्दल काही सांगितलं होतं का, ते तो बाबांना विचारून बघेल. आणि जेवण साधारण किती वाजता असतं, बाबांना डायबेटिस आहे.

मी आजीला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘शेवटी काय लिहिलंय?’

‘शेवटी काही नाही गं. जोडलेले हात आहेत, चित्र.’

‘चालेल,’ ती म्हणाली. ‘त्याला कळव, साडेबाराला पान वाढतो म्हणावं. आणि त्यांच्या बाबांसाठी बिनसाखरेचं काय करायचं ते तुझ्या आईला आत्ताच सांग.’